नऊ नंबरची माती

२ फेब्रुवारी, सोमवार

डायरी लिहिण्याचा मला मनापासून कंटाळा आहे. पण आज कुणाशी तरी बोलायला हवं, आणि घरात तोंड उघडलं की बाबा सल्ला देतात. म्हणून ही वही.

साहेबांनी सकाळी बोलावून घेतलं. "सोळा एप्रिलला समिती येतेय. तोपर्यंत तुमच्या जंतूंनी पाणी स्वच्छ करून दाखवलं तर उत्तम. नाहीतर तुमच्या प्रयोगशाळेला, त्या मातीखोलीला, कुलूप."

"आणि माझं काय?"

"पॅकिंगला खोक्यांवरची सीलं तपासायला जबाबदार माणूस हवंच आहे," ते म्हणाले, आणि वर बक्षीस दिल्यासारखे हसले. चौदा वर्षं रसायनशास्त्र करून शेवटी सीलं! मी तरातरा बाहेर आले. दार आपटायची फार इच्छा होती, पण स्फोटकांच्या कारखान्यात दार आपटायला बंदी आहे. राग घरी न्यावा लागतो.

एकदा सगळं नीट लिहून ठेवते. भरणी विभागात स्फोटक वितळवून भरतात. मग भांडी, फरशा, नळ्या धुतात. त्या धुवणात स्फोटक विरघळलेलं असतं. निघतं तेव्हा पाणी साधंच दिसतं, ऊन लागलं की गुलाबी होतं. कामगार त्याला सरबत म्हणतात. पोटात गेलं, अंगाला रोज लागलं, की रक्त आणि यकृत दोन्ही खातं. आमच्या आवारात या सरबताचं एक अख्खं तळं आहे आणि ते काठोकाठ आलंय. समितीतल्या काहींना ते भट्टीत जाळायचं आहे. मी तीन वर्षं सांगतेय, की मातीत असे जंतू असतात जे हे विष मोडून खातात, फक्त योग्य माती सापडायला हवी. तीन वर्षांत मला एवढंच मिळालं, की सगळे मला मातीबाई म्हणतात.

माझ्यात दोष भरपूर आहेत, पण एक गुण पक्का आहे. समोरचा खोटं बोलला की मला लगेच कळतं. हा गुण जंतूंच्या कामात काही उपयोगाचा नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

बारा बरण्या, बारा जागा. अकरा जागी मी स्वतः फिरले. फाटकाजवळची बाग, गोदामामागचा बांध, ओढ्याचा काठ. चपलेचा तळ सुटला. नवव्या बरणीसाठी मागच्या डोंगराच्या माथ्यावरची माती हवी होती आणि माझ्या पायांत जीव उरला नव्हता.

"आण इकडे," बाबा म्हणाले. "मी रोज सकाळी डोंगर चढतोच. जाता जाता भरून आणतो."

डॉक्टरांनी सांगितल्यापासून बाबा रोज सहाला फिरायला जातात. वय एकोणसत्तर, गुडघे कुरकुरतात, पण शिस्त म्हणजे शिस्त. आज बरणी घेऊन गेले ते अर्ध्या तासात परत. धाप नाही, घाम नाही, बुटांना धूळसुद्धा नाही.

"आज डोंगर लवकर उरकला," आई म्हणाली.

"वाट पाठ झालीय," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले.

मला त्यांचं खरंच कौतुक वाटतं. आईचंही बरं चाललंय. पूर्वी तिला सदा अशक्तपणा असायचा, रक्त कमी, डोळे पिवळट, जिना चढली की बसून घ्यायची. बाबा निवृत्त झाले त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हळूहळू तब्येत सुधारली. बाबा म्हणतात, हा माझ्या सहवासाचा गुण.

९ फेब्रुवारी, सोमवार

फाटकाच्या हॉलमध्ये बाबांचा फोटो आहे. खाली लिहिलंय, 'शिस्तीचा मान'. सव्वीस वर्षं भरणी विभागात फोरमन, आणि त्यांच्या नावावर एकही चूक नाही. फोटोतल्या गणवेशाची इस्त्री अशी, की घडीवर बोट कापावं. मी रोज आत जाताना त्या फोटोकडे बघते आणि ताठ होते.

नमुन्यांची नोंदवही सुरक्षा अधिकाऱ्यांसमोर भरावी लागते. त्यांना सगळे नियमावली म्हणतात, कारण बोलताना ते कलमाचा आकडा आधी सांगतात आणि वाक्य नंतर. 'नमुना कोणी घेतला' या रकान्यात मी बारा वेळा 'स्वतः' लिहिलं. अकरा वेळा ते खरं होतं. निवृत्त माणसाचं नाव लिहिलं असतं तर तीन अर्ज भरावे लागले असते, म्हणून.

"सगळे नमुने आपण स्वतः घेतले?" नियमावलींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले. त्यांना काही कळलं नाही. सगळ्यांना माझ्यासारखं नाक नसतं.

प्रत्येक बरणीत माती, सरबत आणि चमचाभर उसाची मळी घातली. नुसत्या विषावर जंतू जगत नाहीत. त्यांना बरोबर काहीतरी खाण्यासारखं लागतं, मग ते विषही चघळतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नऊ नंबर!

सकाळी खोली उघडली तर अकरा बरण्या गुलाबी आणि एक फिकी. मला वाटलं, डोळ्यांना ऊन लागलं. यंत्रावर मोजलं. शंभर होतं ते सात. पुन्हा मोजलं. सात. मी खोलीत एकटीच नाचले. नाचायला अजून तरी बंदी नाही.

घरी आल्याआल्या सांगितलं. आईने विचारलं, "म्हणजे सीलं नाहीत ना तपासायची?" मी म्हटलं, अजून ठरलं नाही, पण वाट दिसतेय.

"कुठली माती म्हणालीस?" बाबांनी विचारलं.

"नऊ नंबर. तुमचीच."

बाबांना चहाचा ठसका लागला. आनंदाने माणसाचं असं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

नऊ नंबरची उरलेली माती चाळली. दोन गोष्टी सापडल्या.

एक, हाडाचं दोन भोकांचं बटण. कुणी डोंगरावर सहलीला आलं असणार.

दोन, मातीत बारीक निळे कण. ही गोष्ट मोठी आहे. बाकी अकरा मातींत निळं काही नाही. माझा अंदाज असा, की माथ्यावर एखादं दुर्मीळ निळं खनिज आहे आणि त्यानेच जंतूंना जोर चढतो. कॉलेजातली एक मैत्रीण भूगर्भशास्त्रज्ञ आहे, तिला चार कण पाठवले. शोधनिबंधाचं शीर्षकसुद्धा सुचलंय, पण इथे लिहीत नाही, नजर लागेल.

२३ फेब्रुवारी, सोमवार

जेवताना बाबांनी स्वतःहून विचारलं, "पण मला सांग, हे जंतू त्याच मातीत कसे आले?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा प्रश्न विचारला. मला भरून आलं. मी सविस्तर सांगितलं, की जिथे वर्षानुवर्षं हेच विष थोडं थोडं पडत राहतं, आणि सोबत खायलाही काही मिळतं, तिथले जंतू शिकतात. जे शिकत नाहीत ते मरतात, जे शिकतात त्यांची फौज तयार होते.

"किती वर्षं पडावं लागतं?"

"वीस-पंचवीस तरी. डोंगरावर बहुतेक जुन्या चिमणीच्या धुरातून पडलं असेल."

बाबांनी हात धुतला. ताटात अर्धं जेवण तसंच. आई म्हणाली, "जेवण वाया घालवू नका, आणि हो, मागच्या अंगणातला माझा धुण्याचा दगड एका अंगाला कलायला लागलाय, तेवढा बघा." बाबा म्हणाले, बघतो. या वयात जेवण कमी होतं, डॉक्टरांना विचारायला हवं.

१ मार्च, रविवार

माती जास्त हवी, म्हणून आज डोंगर स्वतः चढले. बाबांना विचारलं, नेमकी कुठून घेतली? ते म्हणाले, "मोठ्या दगडापाशी." वर सगळे दगडच आहेत आणि सगळे मोठे. तरी चार जागची दोन पोती भरली. निळा कण एकही दिसला नाही. खोल असतील.

११ मार्च, बुधवार

डोंगराच्या मातीने काहीही केलं नाही. दहा दिवस झाले आणि पाणी तसंच, लाजल्यासारखं गुलाबी. माझी पाचावर धारण बसली आहे. जुनी नऊ नंबर मूठभर उरली, आणि पिंपाच्या चाचणीला निदान दोन पोती लागतात. आज पॅकिंग विभागावरून गेले. तिथल्या बाई सीलं मोजता मोजता जांभया देत होत्या. मी डोळे मिटून घेतले.

घरी येऊन रडले, हे लिहायला हरकत नाही. आई डोक्यावर हात फिरवत बसली. बाबा दारात उभे होते. दोनदा काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं.

१२ मार्च, गुरुवार

धन्य ते बाबा! सकाळी म्हणाले, "तुला जागा सापडायची नाही. मी आणून देतो." रिकामं पोतं घेऊन निघाले. मी आंघोळ करून बाहेर येते तो पोतं भरून व्हरांड्यात ठेवलेलं! वीस मिनिटं! चाळलं तर निळे कण मूठभर! मी त्यांच्या पाया पडले. ते म्हणाले, "असू दे, असू दे," आणि नजर चुकवली. स्तुती त्यांना कधीच सोसत नाही.

आई मागच्या दाराने कुरकुरत आली. दगड आता इतका कललाय म्हणे, की बादली ठेवली तर घसरते. घरात शोध लागतोय आणि हिला दगडाचं पडलंय.

२३ मार्च, सोमवार

बाबांची माती चालली! दोन पिंपं लावली आहेत, मळी घालून रोज ढवळते. रंग उतरतोय.

मैत्रिणीचं पत्र आलं. लिहिते, 'हे खनिज नव्हे. कपड्यांना घालायची नीळ दिसते. तुझं बरं आहे ना?' ही पहिल्यापासून मत्सरी. परीक्षेतसुद्धा पेपर झाकून लिहायची.

३ एप्रिल, शुक्रवार

पिंपात शंभराचे चार! साहेब स्वतः मातीखोलीत आले, पिंपात डोकावले आणि म्हणाले, "मातीबाई, जमलं की हो." तोंडावर मातीबाई म्हणाले, तरी मला गोड वाटलं.

नियमावली मात्र वही उघडून उभे. "कलम बावीस. समितीसमोर उगमस्थान दाखवावं लागेल. नमुना घेणाऱ्याने त्याच जागी सही करायची. माथ्यावर जायचं सोळाला. तळ्यासाठी चाळीस गाड्या माती तिथूनच उचलायची ना?"

"अर्थात," मी म्हणाले.

घरी सांगितलं तेव्हा बाबांच्या हातातला चष्मा पडला. फुटला नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

बाबा आज तीनदा फिरायला गेले. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, दर वेळी कापडी पिशवी घेऊन. मी विचारलं, पिशवीत काय? म्हणाले, पाण्याची बाटली. संध्याकाळी परत आले ते कमरेत वाकलेले, बूट लाल धुळीने माखलेले. आत्ता पलंगावर गरम पाण्याची पिशवी घेऊन पडलेत आणि 'आई गं' म्हणतायत.

"कशाला एवढा जोर करायचा?" मी म्हटलं.

"तुझ्या परीक्षेचा दिवस आलाय," ते म्हणाले. "बापाने काहीतरी करायला नको?"

मला त्यांचं काही कळलं नाही, पण बरं वाटलं. आईने आज कपडे धुतलेच नाहीत. दगड आडवा झालाय.

१६ एप्रिल, गुरुवार

कसं लिहू? जसं झालं तसं लिहिते.

साहेब, नियमावली, बाहेरून आलेले दोन तज्ज्ञ, मी, आणि वाट दाखवायला बाबा, कडक इस्त्रीचा सदरा घालून. वाट दाखवणाऱ्याला तीनदा बसावं लागलं. माथ्यावर पोचलो. सगळीकडे लाल मुरूम आणि मधोमध काळ्या मातीचं एक गोल ठिगळ. ताटाएवढं. वर निळे कण चमकत होते.

"बघा," मी तज्ज्ञांना म्हटलं, "निसर्गाची किमया." हे मी म्हणाले. लाज वाटते, पण म्हणाले.

नियमावली वाकले आणि मातीतून काहीतरी उचललं. कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा. त्याला लाल दोऱ्याची गाठ. "डोंगरावर चिमटा?"

"वाऱ्याने आला असेल," बाबा म्हणाले.

लाल दोऱ्याची गाठ आई मारते. शेजारणीचे चिमटे आपल्यात मिसळतात म्हणून. मी लहान होते तेव्हापासून ती मारते. मी चिमट्याकडे बघितलं, मग बाबांच्या कमरेकडे, मग बुटांकडे, आणि नीळ, बटण, वीस मिनिटं, दगड, सगळं एका दमात माझ्या डोक्यावर कोसळलं. इतकी वर्षं मी मिरवलं, की मला खोटं लगेच कळतं!

नियमावलींनी वही आणि पेन पुढे केलं. 'हा नमुना मी स्वतः या जागेवरून घेतला.' खाली सही. सही केली असती तर आजच जिंकले असते. बाबांचा फोटो भिंतीवर राहिला असता, मातीखोली माझी राहिली असती. आणि पुढच्या महिन्यात तळ्यात चाळीस गाड्या लाल मुरूम पडला असता आणि सरबत सरबतच राहिलं असतं. खरं सांगायचं तर मी पेन हातात घेतलं होतं. टोपणही काढलं होतं.

"मी नाही घेतला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "बरणी मी बाबांना दिली होती. वहीत 'स्वतः' लिहिलं ते खोटं आहे."

सगळे बाबांकडे वळले. बाबांनी सदऱ्याची बाही ओढून सरळ केली. "आणि मी इथून आणली नाही," ते म्हणाले. "मी डोंगर चढतच नाही. रोज सकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर बसून दोस्तांबरोबर पत्ते खेळतो. माती घरामागची आहे. धुण्याच्या दगडाखालची. ही इथे परवा मी आणून टाकली."

एका तज्ज्ञाला हसू आवरेना. साहेबांनी विचारलं, "पण धुण्याच्या दगडाखाली हे जंतू आले कुठून?"

सगळ्यांत आधी समजलं ते नियमावलींना, आणि पहिल्यांदाच त्यांनी कलमाचा आकडा सांगितला नाही.

"गणवेश घरी नेत होतात?"

"सव्वीस वर्षं," बाबा म्हणाले. "आत गणवेश, वर साधे कपडे, असा निघायचो. कारखान्याच्या धुलाईत घडी मोडायची. हिच्या हातची इस्त्री... तशी कुणालाच जमत नाही."

मला पुढचं बोलणं ऐकूच आलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की आई जिन्यात बसून घेतेय आणि मी शाळेचं दप्तर सावरत म्हणतेय, आई, किती गं आळशी तू.

१७ एप्रिल, शुक्रवार

आईला खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. नेहमीची तपासणी म्हणून दवाखान्यात नेलं. रक्त, यकृत, डोळे, सगळं तपासायला सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अहवालाला चार दिवस. मी बाबांशी बोलत नाही. माझ्याशी मी बोलतेय, तेही नाइलाजाने.

दगडापाशी बसून विचार केला. गणवेश रात्रभर भिजत. सकाळी धुवण दगडाखाली. त्याच्या पाठोपाठ कपड्यांच्या खळीचं पाणी. म्हणजे विष आणि जेवण, रोज, एकाच जागी. मी मळी चमच्याने मोजत बसले, आणि आईने हाच प्रयोग सव्वीस वर्षं चालवला होता. मी शाळेतून यायचे तेव्हा दगड वाळलेला असायचा.

२२ एप्रिल, बुधवार

अहवाल आला. रक्त पुरेसं. यकृत ठीक. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू, तो वयाचा असेल किंवा नसेल, काढता येईल. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या आईंची प्रकृती तुमच्यापेक्षा बरी आहे." मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. यावेळी आई म्हणाली, "किती गं आळशी तू, ऊठ."

दुपारी साहेब घरी आले. बरोबर नियमावली. बाबांचा फोटो कागदात गुंडाळून परत दिला. मला ताकीद मिळाली, लेखी. मातीखोली राहिली, कारण तज्ज्ञांचं म्हणणं असं, की माणसं खोटी निघाली तरी जंतू खरे आहेत. आता त्यांना दगडाखालची माती हवी होती. साहेबांनी बाबांना परवानगी विचारली.

"मला काय विचारता?" बाबा म्हणाले. "दगड तिचा आहे."

आईने साहेबांना मागच्या दारी नेलं. "न्या," म्हणाली, "पण दगड तुमच्या हाताने उचलायचा आणि सपाट करून परत ठेवायचा. आमच्या ह्यांनी तीन वेळा उकरलाय, एकदाही धड बसवला नाही." साहेबांनी कोट काढला. नियमावलींनी दुसरी बाजू धरली. वजन उचलण्याचं कलम त्यांना आठवलं असणार, पण बोलले नाहीत.

६ मे, बुधवार

आईला त्या विषारी तळ्याकडे न्यायचं मी टाळत होते. तिनेच हट्ट धरला, की माझी माती कशी काम करते ते मला बघू दे. साहेबांनी परवाना दिला. बाबाही मागोमाग आले, फाटकाच्या हॉलमध्ये मान खाली घालून चालले.

तळ्याकाठी, आईची माती घातलेल्या मोठ्या टाकीशी दोन काचेच्या बरण्या ठेवल्या होत्या. एकीत आत येणारं पाणी, दुसरीत बाहेर जाणारं. दुसरीतलं पाणी असं, की मागच्या भिंतीवरची पाटी वाचता यावी. बारा दिवस लागले. मी आकडे सांगायला सुरुवात केली, पण आई ऐकत नव्हती. ती पहिल्या बरणीसमोर उभी होती.

"हा रंग तर मला माहितीये," ती म्हणाली.

मी आकडे सांगायचं थांबवलं.

"बादली उन्हात राहिली की असंच व्हायचं. मला वाटायचं, ह्यांच्या कपड्यांचा रंग जातोय. म्हणून मी दुप्पट घासायचे. हातांनी. ब्रशने धागे तुटतात म्हणून." मग ती बाबांकडे वळली. "अहो, तुम्ही दारात उभे राहून बघायचात. तुम्हाला माहीत होतं?"

"घरी न्यायचं नाही, एवढंच सांगितलं होतं," बाबा म्हणाले. "का, ते नव्हतं सांगितलं."

"आणि तुम्ही विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर न्यायचं थांबवावं लागलं असतं."

आईने मान हलवली, जसं बाजारात भाव कळल्यावर हलवतात. परत येताना ती माझ्याशी सगळं बोलली. टाकीबद्दल, मळीबद्दल, साहेबांना दगड कसा जड गेला त्याबद्दल. बाबा चार पावलं मागून येत होते.

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं आणि बाबांचे सगळे सदरे, धुतलेले, इस्त्री केलेले, घडीचे, काढून मागच्या अंगणात नेले आणि दगडावर टाकले. बादली भरून दिली. बाबा खाली बसले. गुडघे मोडून त्यांना बसता येत नाही, तरी बसले. आई दारात उभी राहिली.

पहिला सदरा घासून, पिळून बाबांनी वर पाहिलं.

"रंग जातोय अजून," आई म्हणाली. "घासा."

सदरा पांढराशुभ्र होता. बाबांनी तो पुन्हा भिजवला. मी आत जाऊन चहा टाकला, दोन कप.